अर्जातले वळ

बावीस वर्षं मी वाशीमच्या तहसील कचेरीपुढे निंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहिले. अर्जनवीस म्हणत आम्हाला. डिप्टी कमिशनरच्या सहीचा परवाना, लिहायला उतरती पेटी, दौत, टाक आणि बुडाखाली पोतं, एवढाच माझा थाट. मालेगाव, रिसोडपासून लोक पायी, बैलबंडीने माझ्याकडे येत. याच्या हातचा अर्ज वाया जात नाही म्हणत. मला त्याचा माज होता. आता लपवून काय करायचं? होता.

अर्ज लिहायची आमची रीत ठरलेली. पहिल्या ओळीत नाव, बापाचं नाहीतर नवऱ्याचं नाव, वय, धंदा, राहणार कुठे. हे नसेल तर तो अर्जच नव्हे, नुसती बोंब. मग हकीकत, आणि हकीकतीत मीठ. शेजाऱ्याने शिवी दिली असं लिहिलं तर कागद तसाच खाली सरकतो. जिवे मारायला धावला असं लिहिलं की साहेबाची भुवई वर जाते. म्हणून एका थापडेच्या आम्ही चार करायचो. साहेबालाही ते ठाऊक असे. तो वाचता वाचता निम्मं सोडून देई आणि उरलेल्यावर हुकूम लिही. सगळे सुखात होते. यात खोटं बोलल्यासारखं कोणाला वाटत नसे, आणि मलाही कधी वाटलं नाही.

मी सांगतोय ती गोष्ट जर्मनीची पहिली मोठी लढाई संपून काही वर्षं झाल्यावरची. एका दुपारी शिपाई इंझोरीकडची एक पोर कचेरीत घेऊन आला. बारा वर्षांची असेल. तिच्या डोक्यात काही बिघाड झाला होता. कंबरेला दोर, दोराचं टोक शिपायाच्या मुठीत. वेड्यांचा जो कायदा तेव्हा होता त्यात म्हातारा, बाई, लेकरू असा फरकच कोणी करत नव्हतं. डॉक्टर तपासून सांगेपर्यंत जेलात बसायचं, चोर-दरोडेखोरांच्या शेजारी, आणि मग नागपूरच्या पागलखान्यात जायचं, मोठ्या माणसांच्याच वॉर्डात. ती पोर कचेरीच्या खांबाला मिठी मारून बसली होती. शेवटी दोघांनी तिची बोटं एकेक करून सोडवली. मी समोर बसून कोणाच्या तरी बांधाच्या तंट्याचा अर्ज लिहीत होतो. त्या दिवशी माझं अक्षर बिघडलं.

घरी जाऊन बायकोला हे सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली.

"आपल्या गल्लीतल्या पोट्टीले असं नेलं तं?" ती म्हणाली.

गल्लीतली पोट्टी म्हणजे आमच्या समोरच्या पिंजारणीची मुलगी. पिंजारणीला मी आपा म्हणायचो, ती मला भाऊ. नवरा पटकीने गेला तेव्हा त्याचं पिंजण तिनेच उचललं. बाईमाणूस कापूस पिंजते म्हणून लोकांनी नाकं मुरडली आणि गाद्या मात्र तिच्याकडूनच भरून घेतल्या. मुलगी दहा वर्षांची. दोन वर्षांमागे ती तापाने फणफणली होती. ताप उतरला तो तिचं बोलणं घेऊनच. मधूनच झटके येत. आणि पळायची. डोळा चुकला की दाराबाहेर, आणि वाट एकच, पद्मतीर्थाच्या तळ्याची. पाणी दिसलं की ही हसत हसत आत उतरणार. एकदा घाटावर आंघोळ करणाऱ्यांनी तिला केसाला धरून बाहेर काढलं होतं.

आता पिंजणाला दोन्ही हात लागतात. एका हाताने धनुष्यासारखं पिंजण तोलायचं, दुसऱ्या हातातल्या दांड्याने त्याच्या ताणलेल्या तातीवर ठोका द्यायचा. मग पोरीला धरणार कोण? आपाने जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांची लांब वेणी घातली. तिचं एक टोक भिंतीतल्या खुंटीला आणि दुसरं पोरीच्या मनगटाला. मनगटाला काचू नये म्हणून तिने एक पट्टी शिवली होती. आत चांगला पिंजलेला कापूस, वर लाल छिटाचं कापड, आणि दुलईला घालतात तसे बारीक टाके. दोरी एवढी लांब की पोरगी दारातल्या उन्हापर्यंत, पाण्याच्या मडक्यापर्यंत, आईच्या मांडीपर्यंत जाई. तात वाजत असली की ती खूश. केसांत, भुवयांवर कापूस उडालेला, आणि दर ठोक्याला मान हलवायची. माझी बायको दारातून ओरडायची, "काय वं म्हातारे, केस कधी पिकले?" आणि पोरगी खिदळायची.

हे मी एवढं लांबण लावून सांगतोय, कारण यातलं काहीच मी अर्जात लिहिलं नाही.

आमच्या गावात एक वकील होते. अकोल्याच्या, अमरावतीच्या चार शिकलेल्या मंडळींबरोबर मंडळ काढून ते मुलांसाठी काम करत. नागपूरच्या कौन्सिलात तेव्हा मुलांसाठी एक बिल आलं होतं. टाकून दिलेली, भटकी, चोरीत सापडलेली मुलं मोठ्या माणसांच्या जेलात टाकू नयेत, त्यांची वेगळी सोय करावी, असं त्यात होतं. सरकारने त्यावर लोकांचं मत मागवलं होतं. वकीलसाहेबांना त्यात आणखी एक कलम हवं होतं. ज्या मुलांचं डोकं ठिकाणावर नाही त्यांनाही जेल नको, मोठ्यांचा पागलखाना नको. जिल्ह्याच्या गावी त्यांच्यासाठी डॉक्टर असावा, आणि मूल आईजवळ राहून त्याचं औषधपाणी व्हावं. माणूस चांगला होता. अजूनही म्हणतो, चांगला होता.

"मुन्शी," ते मला म्हणाले, "कौन्सिलात भाषणं करणारे पुष्कळ आहेत. मला एक खरं मूल दाखवा. त्याची हकीकत अशी लिहा, की वाचणाऱ्याच्या घशाखाली घास उतरू नये."

अहो, बावीस वर्षं मी दुसरं काय करत होतो! माझी छाती अशी फुगली म्हणता. बांधाचे तंटे आणि कोंडवाड्यातली ढोरं सोडून मी आता कायदा करायला निघालो होतो. इंझोरीच्या त्या पोरीची बोटं डोळ्यांपुढे होती हे खरं आहे. पण वकीलसाहेबांनी सगळ्यांदेखत निंबाखाली येऊन मला मुन्शी म्हटलं, हेही तितकंच खरं आहे.

त्याच संध्याकाळी मी आपाच्या ओट्यावर जाऊन बसलो. ती कापसाची गाठोडी बांधत होती. मी तिला बिल, कौन्सिल, कलम सगळं सांगितलं. तिला त्यातलं किती कळलं देव जाणे. तिने दोनच गोष्टी विचारल्या.

"कायदा झाला तं डाक्टर पोरीले पाहीन?"

"पाहील."

"मंग दोरी नाई लागनार? मोकळी राहीन थे?"

"मोकळी राहील, आपा. त्याच्यासाठीच तर हे सगळं चाललंय."

"मंग लेहा," ती म्हणाली. "लवकर लेहा, भाऊ."

मी लिहिलं. असं लिहिलं, की माझ्या हातून त्याहून झणझणीत अर्ज आधी कधी उतरला नव्हता. पहिल्या ओळीत आईचं नाव, मयत नवऱ्याचं नाव, वय, धंदा पिंजारी, राहणार वाशीम, गल्ली अमुक. आणि मग हकीकत: "सदर मुलीस औषधोपचार नसल्याने तिची आई तिला रोज सकाळपासून दिवस मावळेतो जनावराप्रमाणे दोरखंडाने खुंटीस बांधून ठेवते, व मुलीचे अंगावर वळ उठलेले आहेत. सबब सरकारने दया करून योग्य ती तजवीज करावी."

वळ! कुठले वळ? त्या पोरीच्या अंगावर तिच्या आईने कधी बोट उगारलेलं गल्लीने पाहिलं नव्हतं. लुगड्याच्या वेणीचा मी दोरखंड केला. पट्टी तर गाळूनच टाकली. कापूस भरलेली, छिटाची, टाके घातलेली पट्टी लिहिली असती तर वाचणारा म्हणाला असता, बरं आहे की मग पोरीचं. मीठ घालायचं तर ते साखरेत घालून कसं चालेल?

आपाला अर्ज वाचून दाखवायला बसलो. दुसऱ्याचा अंगठा घ्यायचा तर आधी वाचून दाखवायचं, हा आमच्या धंद्याचा नेमच होता. जनावराप्रमाणे या शब्दाशी आलो आणि मला खोकला आला. म्हणजे मी आणला. खोकून मी थेट सबबपाशी गेलो. आपा मान डोलवत होती. दया हा शब्द तिला आवडला. मी तिच्या अंगठ्याला शाई लावली आणि तिने तो अगदी जपून, हलू न देता कागदावर टेकवला.

वकीलसाहेबांनी वाचलं आणि ते म्हणाले, "वा मुन्शी!" मग त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "हे नाव-पत्ता ठेवायचाय का?"

"साहेब," मी म्हणालो, "नाव-गाव नसलं तर कोणालाही खोटं वाटेल."

त्यांना ते पटलं. त्यांनी त्याचं इंग्रजी केलं, मंडळाच्या पत्राला माझा मूळ कागद जोडला आणि सगळं नागपूरला गेलं. नंतरचे दोन-तीन महिने मी निंबाखाली असा बसायचो, जसा काही कौन्सिलातच बसलोय. पक्षकारांना सांगायचो, आमचा अर्ज वर आहे, कायदा होतोय. बायको म्हणायची, "जेवाले तरी खाली या."

कागद वर गेला तसाच खाली आला. तिथे कोण कारकून बसला होता मला माहीत नाही. त्याच्यापुढे मंडळाचं छापील पत्र एकीकडे पडलं असेल आणि माझा अर्ज दुसरीकडे. त्याला दिसलं काय? नाव, नवऱ्याचं नाव, वय, धंदा, राहणार. हकीकत. सबब तजवीज व्हावी. बिलावरचं मत असं कुठे असतं का? ही तर सरळ फिर्याद! आणि वाचताना निम्मं सोडून द्यायची सवय वाशीमच्या साहेबाला होती, नागपूरच्याला कशी असणार? त्याने वर लिहिलं, चौकशी करून कायद्याप्रमाणे तजवीज करावी. तो कागद अमरावतीला आला, तिथून अकोल्याला आला, अकोल्याहून आमच्या तहसिलीत आला. प्रत्येक ठिकाणी त्यावर एक शिक्का चढला. माझ्या पेटीपासून वीस पावलांवर तो कचेरीत शिरला आणि मला वासही लागला नाही.

दुपारची वेळ होती. बायको अनवाणी धावत निंबापाशी आली. उभ्या संसारात ती कचेरीपुढे कधी आली नव्हती.

"जमादार आला हाये आपाच्या घरी," ती म्हणाली. "पोट्टीले घेऊन चालले."

मी पोचलो तेव्हा कचेरीचा कारकून पंचनामा लिहीत होता. वेणी सापडली, खुंटी सापडली, वेणीला बांधलेली मुलगी सापडली. सगळं अर्जात लिहिल्याप्रमाणे; वळ आहेत की नाहीत ते कोणी पाहिलंच नाही. आपा पिंजण हातात धरून तशीच उभी होती. जमादाराने तिला विचारलं, हा अंगठा तुझाच का? तिने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हो म्हणाली. मी ओरडलो, "अहो जमादार, हा अर्ज कायद्यासाठी आहे! पोरीला न्यायला नाही!" तो म्हणाला, "मुन्शीजी, मले वाचता येत नाई. हुकूम हाये." मग त्याने चाकूने वेणी कापली आणि पट्टीसकट मुद्देमाल म्हणून पिशवीत टाकली.

पोरगी रडली नाही. उलट दार उघडं, हात मोकळा आणि बरोबर दोन माणसं, असं तिला कधी मिळालं होतं? ती हसत निघाली. तिला वाटलं असेल, पद्मतीर्थावर चाललो. स्टेशनकडे वळल्यावर ती कशी ओरडली, हे मला गल्लीतल्या दुसऱ्या लोकांनी सांगितलं. मी तोवर तहसीलदारांपुढे उभा होतो.

तहसीलदार तरुण होते, खालच्या मुलखातून नवे आलेले, आणि लाच न खाणारे. खाणारे असते तर बरं झालं असतं. ते मला म्हणाले, "तुमचा कायदा होईल तेव्हा होईल. आज जो आहे त्यात लिहिलंय, की वेड्या माणसाला घरचे छळत असतील तर मी त्याला तिथून काढलं पाहिजे. छळतात असं तुम्ही लिहिलंय. आईने खाली अंगठा दिलाय. मी काय करायला हवं होतं?"

मला बोलता आलं असतं. साहेब, वळ खोटे आहेत, एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द! पण खोटा अर्ज लिहिणाऱ्याचा परवाना जातो हे मला पाठ होतं. मी म्हणालो, "बरोबर आहे, साहेब." आणि बाहेर येऊन पोत्यावर बसलो.

पोरीला आधी अकोल्याच्या जेलात ठेवलं, मग नागपूरला नेलं. मी वकीलसाहेबांकडे गेलो. ते खरोखर हादरले. कपाळाला हात लावून बसले. पण मी खरं सांगून टाकू का असं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "आत्ता नको. बिल कमिटीपुढे आहे. आपला एक अर्ज खोटा निघाला तर सगळेच खोटे ठरतील. शेकडो मुलांचा प्रश्न आहे, मुन्शी. कलम मंजूर होऊ द्या, मग तीही सुटेल, सगळीच सुटतील."

मला एवढंच कोणीतरी म्हणायला हवं होतं. शेकडो मुलांच्या आड मी माझा परवाना लपवला. आपाला जाऊन सांगितलं, कायदा झाला की पोरगी घरी. तिने ते खरं धरलं.

त्यानंतर चार महिने ती रोज कचेरीपुढे यायची. गाद्या भरून द्यायच्या असत, त्या डोक्यावर घेऊन यायची, गाठोडं निंबाच्या मुळावर टेकवायची आणि विचारायची, "भाऊ, कायदा झाला का?"

"अजून नाही, आपा. चाललंय."

"बरं." गाठोडं उचलायची आणि जायची. एक शिवी नाही, एक तळतळाट नाही. रोज तेच. आजूबाजूचे अर्जनवीस हसू लागले. मग हसायचे थांबले. मी तर तिची चाहूल लागली की पेटीत डोकं घालून टाक शोधायचो. एकदा मी चिडून म्हणालो, "आपा, कायदा म्हणजे काय भाकरी आहे का, थापली आणि भाजली?" ती म्हणाली, "नाई भाऊ, मी कायले म्हनू? मी तं फक्त इचारून राह्यली." त्या दिवशी मी कोणाचाच अर्ज लिहिला नाही. लाज वाटली म्हणून नव्हे. राग आला म्हणून. तिचा राग आला मला, तिचा!

बिल निकालात निघालं. चोरी केलेल्या आणि भटक्या पोरांचं काहीतरी उरलं, आणि तेही सरकार ज्या शहरांत म्हणेल तिथे. आमचं कलम कमिटीतच गळालं. असल्या मुलांसाठी वेगळा डॉक्टर म्हणजे फार खर्च, आणि वेड्यांची सोय आधीच आहे, असं काहीतरी ठरलं म्हणे. वकीलसाहेबांनी मला ते दारातच सांगितलं, आत बोलावलं नाही. म्हणाले, पुढल्या कौन्सिलात पुन्हा आणू. त्यांचे डोळे ओले होते. मी म्हणालो, "आणि पोरगी?" ते म्हणाले, "आता तुम्हाला वाटेल ते करा."

घरी आलो. बायकोने ताट वाढलं, पण पुढे सरकवलं नाही.

"मले एक सांगा," ती म्हणाली. "पोट्टीच्या आंगावर वळ होते का?"

"नव्हते."

"मंग थे साहेबाले सांगाले तुमची जीभ काहून उचलत नाई?"

"परवाना जाईल. खाशील काय?"

"हे ताट पाहा," ती म्हणाली. "चार महिन्यांपासून मी हे गिळून राह्यली. मले इचारलं का कधी, कसं जाते घशाखाली?"

दुसऱ्या दिवशी मी आयुष्यातला शेवटचा अर्ज लिहिला. स्वतःचं नाव, बापाचं नाव, वय, धंदा अर्जनवीस, राहणार वाशीम. हकीकत अशी, की अमुक अर्जात मुलीच्या अंगावर वळ असल्याचं मी लिहिलं ते खोटं आहे. जनावराप्रमाणे लिहिलं ते खोटं आहे. आईला ती वाक्यं मी वाचून दाखवली नाहीत. यात मीठ घालायला जागाच नव्हती. तहसीलदारांनी तो दोनदा वाचला. मग त्यांनी मुद्देमाल मागवला. पिशवीतून लाल छिटाची पट्टी निघाली, तिला अजून वेणीचा तुकडा लटकत होता. त्यांनी ती बोटांनी दाबून पाहिली. बराच वेळ दाबत राहिले.

"हे अर्जात का नाही लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"साहेब," मी म्हणालो, "हे लिहिलं असतं तर कोणी अर्ज वाचलाच नसता."

त्यांनी मुलीला सोडण्याबद्दल वर लिहिलं आणि त्याच बैठकीत माझा परवाना काढून घेण्याबद्दलही लिहिलं.

मुलीला नीट सांभाळीन असा आपाचा जबाब लागणार होता. तो मीच लिहिला, तहसीलदारांच्या परवानगीने. तिच्या ओट्यावर बसून वाचायला लागलो, तेव्हा तिने हात पुढे करून कागद माझ्या हातातून काढून घेतला. ओढणीखाली धरला आणि उर्दू शाळेच्या मास्तरांकडे गेली. मास्तरांना मराठी येत होतं. त्यांच्याकडून तिने पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून घेतला, परत आली आणि मगच अंगठा दिला. मी तोवर शाईची डबी उघडून ओट्यावर बसलो होतो.

नागपूरला मी तिच्याबरोबर गेलो. गाडीत तिने सगळा वेळ नवी पट्टी मांडीवर ठेवली होती. रात्रंदिवस बसून शिवली होती, या खेपेला हिरव्या छिटाची. इस्पितळाच्या दारात एका बाईने पोरीला आणून उभं केलं. केस भादरलेले, अंगात मोठ्या बाईचा झगा, तो टाचेखाली येत होता. आपाने तिला पोटाशी धरलं, हाका मारल्या, तोंडावरून हात फिरवला. पोरीने दूर केलं नाही आणि जवळही घेतलं नाही. नुसती उभी राहिली. उभं करून ठेवलं की ती उभी राहायची, बसवलं की बसायची. परतीच्या गाडीत पुलाखाली नदी आली, भरलेली. मी म्हणालो, "पाह्य वं, पाणी." तिने पाहिलं नाही.

मी पुढे रिसोडच्या बाजारात एका अडत्याकडे धान्य मोजायला लागलो. आठवड्याने घरी यायचो. गल्लीत शिरलो की समोर तातीचा आवाज यायचा आणि मी मान खाली घालून आपल्या दारात शिरायचो. असं वर्षभर केलं. एका सुटीला बायकोने माझ्या हातात उसवलेली गादी दिली आणि म्हणाली, "जा, आपाकडे देऊन या." मुद्दामच दिली. मला कळलं, पण नाही म्हणायला तोंड नव्हतं.

आपा पिंजत होती. पोरगी भिंतीशी बसली होती, हात मांडीत ठेवून. केस आता कानापर्यंत आले होते आणि त्यांवर कापूस उडून बसला होता. तात वाजत होती आणि तिची मान हलत नव्हती. दार सताड उघडं होतं. खुंटीला ती हिरवी पट्टी टांगलेली होती, अगदी कोरी, तिला दोरी जोडलेलीच नव्हती.

मी गादी खाली ठेवली. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आता पोरीला बांधत नाहीस का, आपा?"

तिने दांडा थांबवला. पोरीच्या भुवयांवरचा कापूस बोटाने काढला.

"कायले बांधू?" ती म्हणाली. "पयतच नाई आता थे. दिवसभर दार उघडं राह्यते, बसली राह्यते तशीच." मग ती माझ्याकडे वळली. टोमणा मारायचा होता असं मला वाटत नाही. तिला खरंच नीट आठवत नसावं. "तुमच्या कागदात हेच मांगलं होतं ना, भाऊ? का पोरगी मोकळी राहावं म्हनून?"

मी हो म्हणालो.